घरी बघताना खरंच टरकायला होईल असं हॉरर सुचवा, सिनेमा किंवा अ‍ॅनिमे

शेवटची लोकल

मंडळी, प्रश्न तसा साधा आहे पण थोडं मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून लांब लिहितोय.

मी पहिल्यापासून हॉररवाला. झी हॉरर शो, आहट, भाड्याने सीडी आणून बघितलेले रामसे बंधूंचे पिक्चर, सगळं झालंय. आता थिएटरात जाणं होत नाही, कामावरून परळला घरी पोचेपर्यंत दहा-साडेदहा वाजतात, त्यामुळे जे काय बघायचं ते जेवणं आटपल्यावर, गाद्या पडल्यावर, लाइट बंद करून. वन रूम किचन आहे, आई आणि बायको तिथेच झोपलेल्या असतात. आणि हल्ली असं व्हायला लागलंय की भले भले गाजलेले हॉरर घरी बघताना काहीच होत नाही. कॉन्ज्युरिंग 2013 ला थिएटरात बघितला होता तेव्हा त्या टाळीच्या सीनला आख्खी रांग किंचाळली होती आणि मीही सीटला घट्ट धरून बसलो होतो. तोच घरी लावला तर अंगावर साधा काटा नाही. वर आवाजाची वेगळीच कटकट, माणसं कुजबुजतात ते ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा तर पुढच्याच क्षणाला धडाम, की आई उठून बसलीच.

मग भाच्याने शिकी नावाचं अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनची सिरीज, लावून दिलं. माझ्यासाठी तोपर्यंत अ‍ॅनिमे म्हणजे पोकेमॉन, ड्रॅगन बॉल झी आणि शिनचॅन, त्यामुळे चित्रातलं बघून काय घाबरायचं असं वाटत होतं. पण काय सांगू, पाचव्या-सहाव्या एपिसोडनंतर मी उठून दाराची कडी बघून आलो. सोतोबा नावाचं डोंगरातलं छोटं गाव, रणरणता उन्हाळा, गावातले लोक एकेक करून मरायला लागतात, आजार काय तर रक्त कमी झाल्यासारखं, अंगात त्राण नाही, भूक नाही, आणि दोन-चार दिवसांत माणूस खलास. गावात अजून माणसं पुरायची पद्धत आहे, जाळत नाहीत, आणि हेच सगळं नडतं. सुरुवातीला तर धड काही दाखवतच नाहीत. फक्त अजून एक घर बंद झालं, अजून एक तिरडी निघाली, डॉक्टर वहीत अजून एक नाव लिहितोय, बस. आणि मेलेला माणूस परत आला तरी त्याला कुणाच्या घरात सरळ शिरता येत नाही, घरातल्याने आत ये म्हणावं लागतं. आमच्या मजल्यावर दारं दिवसभर उघडी असतात, कुणीही येतं, आई न बघताच ये गं ये म्हणते. तर तो नियम माझ्या डोक्यातून जाईचना.

तर विचारायचं असं की हे फक्त माझंच होतंय का? घरी बघायचं हॉरर आणि थिएटरात बघायचं हॉरर वेगळं असतं का? आणि शिकीनंतर काय बघू? रक्तबंबाळ चालेल पण नुसतं रक्तबंबाळ नको. जंप स्केअरवाले, म्हणजे नुसते अचानक दचकवणारे, सुचवू नका प्लीज.

गिरगाव कट्टा

दादा, शिकीचं नाव वाचून एकदम बरं वाटलं, मराठीत कुणी त्यावर बोलताना दिसत नाही.

आधी एक सांगतो. नारायण धारपांची लुचाई कादंबरी वाचलीय का? स्टीफन किंगच्या सालेम्स लॉटवरून धारपांनी ती मराठी मातीत उभी केली. आणि शिकीची मूळ कादंबरी, 1998 ची, ती लिहिणाऱ्या फुयुमी ओनो यांनी ती सालेम्स लॉटलाच अर्पण केलीय. म्हणजे 1975 च्या एका अमेरिकन कादंबरीचं एक मूल आपल्याकडे वाढलं आणि एक जपानात. त्यामुळे तुम्हाला शिकी जवळचं वाटलं यात काहीच नवल नाही, छोटं गाव, टेकडीवरच्या मोठ्या घरात नवीन राहायला आलेली माणसं, हे सगळं धारप वाचून वाढलेल्याला आतून माहीत असतं.

आता तुमचा प्रश्न. माझ्या मते घरी कामाला येतो तो वेळ. थिएटरात दोन तासांत उरकायचं असतं म्हणून आवाज, धक्का, परत आवाज. सिरीजकडे वेळच वेळ. शिकी 22 एपिसोडची आहे आणि त्यातले पहिले कित्येक एपिसोड ती नुसती गावातल्या माणसांची ओळख करून देते, दुकानासमोर बसून गावाच्या उचापती करणाऱ्या म्हाताऱ्या, शहरात जायला तडफडणारी मेगुमी, देवळातला तो कादंबऱ्या लिहिणारा भिक्षू. तुम्ही रोज रात्री त्यांच्याकडे जाऊन येताय. मग त्यातली एक म्हातारी दिसेनाशी झाली की ती तुमच्या आळीतली गेल्यासारखं वाटतं. हे दोन तासांच्या पिक्चरला फार क्वचित जमतं.

आणि स्पॉयलर आहे, ज्यांनी बघितलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा, पण डॉक्टर ओझाकी स्वतःच्या बायकोवर जे प्रयोग करतो तो एपिसोड मी एका बैठकीत पूर्ण करू शकलो नाही. तिथे भूत घाबरवत नाही, डॉक्टर घाबरवतो. तो बरोबर आहे, गाव वाचवायचं तर हेच करावं लागणार, आणि तरी त्याच्याकडे बघवत नाही. शेवटी गावकरी हातात खुंट्या घेऊन निघतात तेव्हा मी कुणाच्या बाजूने होतो ते मला अजून नक्की सांगता येत नाही. हॉररने हे करावं असं मला मनापासून वाटतं.

पुढे बघायला मोनोनोके घ्या, 2007 ची सिरीज, 12 एपिसोड, पाच गोष्टी. मियाझाकींचा प्रिन्सेस मोनोनोके वेगळा, तो लावून बसू नका. यात एक औषधविक्या आहे, गावोगाव फिरणारा, त्याच्याकडे तलवार असते पण ती म्यानातून निघायला तीन गोष्टी कळाव्या लागतात, समोरच्या भुताचं रूप काय, नेमकं घडलं काय आणि ते असं का झालं. म्हणजे प्रत्येक गोष्ट एक चौकशी होऊन जाते आणि भूत मारण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं लागतं. पहिली गोष्ट दोन एपिसोडची आहे, धो धो पावसात एक पोटुशी बाई एका धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा मागते, जागा नाही म्हणतात, मग नाइलाजाने वरची एक खोली उघडून देतात जी कुणाला देत नाहीत. एवढंच सांगतो. अंधार बिंधार काही नाही, भडक रंग, जुन्या जपानी छापचित्रांसारखी नक्षी, चित्रावर हातकागदाचा पोत दिसतो. इतक्या रंगीत खोलीत इतकं भयाण काही असू शकतं हे बघून मी सुन्न झालो. आणि शेवटी घाबरण्यापेक्षा गलबलून येतं.

हिगुराशी पण बघा, 2006 चं. चित्रं गोड गोड आहेत म्हणून दोन एपिसोडात बंद करू नका. 1983 चा जून, हिनामिझावा नावाचं खेडं, रातकिड्यांसारखी ती किर्रकिर्र सतत मागे चालू. मध्येच सगळ्यांचा शेवट होतो आणि पुढच्या एपिसोडला तेच लोक परत हसत खेळत हजर. तिथून खरी गंमत.

ओली भिंत

मला हे चित्रातलं हॉरर पटत नाही. वर जे लिहिलंय त्यातलं गोष्टीचं कौतुक मान्य, चांगल्या गोष्टी असतील, पण भीती म्हणाल तर ती खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर बघावी लागते. रेखाटलेल्या माणसाला घाम फुटला तर तो कुणीतरी काढलेला घाम आहे हे डोकं विसरत नाही, निदान माझं तरी.

घरी बघायचं असेल तर डार्क वॉटर बघा, 2002 चा जपानी, हिदेओ नाकाता, ज्याने 1998 चा रिंगू केला तोच. अमेरिकन रिमेक नको, मूळ बघा. मी हा ऐन जुलैत बघितला, आमच्या बेडरूमच्या छताला ओल आलेली, वरच्या फ्लॅटवाल्यांशी आमचं लिकेजवरून चाललेलं, सोसायटीत अर्ज देऊन झालेला, आणि सिनेमात काय तर एक घटस्फोट घेणारी बाई सहा वर्षांच्या आसपासच्या मुलीला घेऊन एका जुनाट बिल्डिंगमध्ये राहायला येते आणि छताला ओलीचा एक डाग असतो. बस. एवढाच राक्षस आहे सुरुवातीला. ती वॉचमनला सांगते, तो हो हो म्हणतो आणि काही करत नाही. वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवते, दार उघडत नाही. खाली येऊन बघते तर डाग मोठा झालाय आणि टपटप सुरू झालीय, ती खाली भांडं लावते. हे मुंबईतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही हो. आणि त्यात कोर्टात मुलीच्या ताब्याची केस चालू, म्हणजे तिने जास्त बोभाटा केला तर नवऱ्याचा वकील म्हणणार बाईचं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून ती गप्प बसून पुसत राहते. माझ्या अंगावर काटा आला तो या पुसण्याने. भूत नंतर येतं. आणि एक लहान मुलीची लाल बॅग आहे, फेकून दिली तरी परत सापडणारी, त्या बॅगेवर कॅमेरा नुसता थांबला तरी माझं पोट आत जायचं.

दुसरं, राम गोपाल वर्माचा 2003 चा भूत. आपल्या मुंबईतला फ्लॅट, नवराबायको, लिफ्ट, वॉचमन, कामवाली. सिनेमात एकही गाणं नाही, त्या काळात हे मोठं धाडस होतं. ऊर्मिला मातोंडकरने जे काम केलंय त्याला तोड नाही, रात्री झोपेत उठून चालते तेव्हा तिच्या अंगात जी सैलावलेली, दुसऱ्याच कुणाची चाल येते ती बघा. हे चित्रात कसं आणणार? आणि 13बी, 2009, माधवन. तेराव्या मजल्यावर नवीन फ्लॅट घेतलाय, घरातल्या बायका दुपारी एक सिरियल बघतात आणि सिरियलमध्ये यांच्याच घरातलं घडत असतं, तेही घडण्याच्या आधी. तो घरी बघण्यासाठीच केलाय असं वाटतं, टीव्ही बंद करताना हात थांबतो.

कांदिवली पूर्व

आवाज!! दादा तुमचा सगळा प्रश्न आवाजाचा आहे. टीव्हीचे स्पीकर सोडा, हेडफोन लावा, कानावरून झाकणारे. कुजबुजही नीट येते आणि आई पण उठत नाही. टीव्हीवरच बघायचं तर सेटिंगमध्ये नाइट मोड किंवा आवाज एकसारखा करायचा ऑप्शन बऱ्याच टीव्हीत असतो, तो चालू करा, धडाम खाली येतं आणि बोलणं वर येतं.

आणि हेडफोन लावून ज्यू-ऑन हा जपानी सिनेमा बघा. त्यातल्या कायाको नावाच्या भुताच्या घशातून येणारा तो खरखर आवाज एका कानात सुरू होतो, बस. ज्यू-ऑन मुळात थिएटरसाठी नव्हताच, 2000 मध्ये दोन भाग थेट व्हिडिओवर आले, तेव्हा लोकांनी घरीच बघितले, मग थिएटरवाला 2002 चा. ताकाशी शिमिझूचेच सगळे. त्यात एक बाई घाबरून बिछान्यात शिरते, डोक्यावरून पांघरूण घेते, जसं आपण सगळे लहानपणी घ्यायचो. पुढचं सांगत नाही. पण तो सीन बघितल्यावर कळतं की हा डायरेक्टर घरात बसलेल्या माणसाचाच विचार करत होता, कारण थिएटरात कुणाकडे पांघरूण नसतं.

अ‍ॅनिमेत मला अजून तसं काही सापडलं नाही पण यामिशिबाई छान आहे, 2013 पासून येतंय, चार-पाच मिनिटांचा एकेक एपिसोड, कागदी चित्रं हलवून गोष्ट सांगतात तसं. झोपायच्या आधी एक.

सातवा मजला

मी जास्त करून वाचतेच इथे, लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

पहिलं म्हणजे इतकी चर्चा झाली आणि लपाछपीचं नाव कुणीच घेतलं नाही? 2017 चा मराठी, विशाल फुरिया. पूजा सावंत पोटुशी असते आणि नवरा तिला उसाच्या फडातल्या एका घरात आणून ठेवतो. त्याच डायरेक्टरने नंतर हिंदीत छोरी केला 2021 ला, पण माझं ऐकाल तर मराठीच बघा. का सांगते. उषा नाईक त्यात तुळसाबाई आहेत. त्या जेवायला वाढतात, केसांवरून हात फिरवतात, बाळंतपणाचं काय खायचं काय नाही ते सांगतात, आणि इतकं मायेनं बोलतात की आपण खुर्चीत आरामात बसतो. मला माझ्या माहेरच्या गावची एक काकू आठवली, अगदी तोच सूर. आणि मग हळूहळू कळायला लागतं की ती माया नेमकी कशासाठी आहे. हे हिंदीत गेलं की तो सूर जातो, भाषा बदलली की काकू अनोळखी होते. आणि उसाचा फड! उंच, सगळीकडे सारखा, वारा आला की सळसळ, चार पावलांवरचं माणूस दिसत नाही. आपण गावी जाताना हायवेच्या दोन्ही बाजूला बघतो तोच ऊस. मी त्यानंतर तिकडे खिडकीतून बघायचं टाळते, खरंच.

दुसरं, मला प्रश्न आहे. माझा मुलगा नववीत आहे, दिवसरात्र अ‍ॅनिमे. मी अडवत नाही, अभ्यास करतो, आणि त्याच्यामुळे मीही डेथ नोट पूर्ण बघितलं, आवडलं. पण त्याच्या लिस्टमध्ये परफेक्ट ब्ल्यू दिसतंय आणि नवरा म्हणतो कार्टून आहे बघू दे. बघू देऊ का?

गिरगाव कट्टा

ताई, नाही. आत्ता नका देऊ. परफेक्ट ब्ल्यू 1997 चा, सातोशी कोन यांचा पहिला सिनेमा, आणि माझ्या मते आजवर झालेल्या उत्तम भयपटांपैकी एक, पण तो सरळ सरळ मोठ्यांसाठी आहे. त्यात एका टीव्ही मालिकेच्या शूटिंगमधला बलात्काराचा प्रसंग आहे, तो खोटा असतो, अ‍ॅक्टिंग असते, पण बघणाऱ्याला तो खोटा वाटू नये असाच काढलाय, कारण तिथूनच त्या मुलीचं आतून मोडणं सुरू होतं. नववीतल्या मुलाने एकट्याने हेडफोन लावून हे बघू नये. तुम्ही दोघं बघा आधी, मग दोन-तीन वर्षांनी त्याच्यासोबत.

तुम्ही मात्र नक्की बघा. मीमा नावाची पोरगी, गाण्याच्या ग्रुपमधून बाहेर पडून अभिनय करायला लागते, एकटी छोट्या फ्लॅटमध्ये राहते. कुणीतरी इंटरनेटवर तिच्या नावाने डायरी लिहितंय, आज ट्रेनमधून उतरताना कोणता पाय आधी टाकला, दुकानातून काय घेतलं, सगळं खरं. 1997 ला! तेव्हा आपल्याकडे घरात इंटरनेट म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत नव्हतं. पुढे पुढे ती उठते, कामाला जाते, काहीतरी भयंकर होतं, ती परत आपल्या बिछान्यात उठते, आणि तुम्हाला कळत नाही की आधीचं शूटिंग होतं, स्वप्न होतं की झालं.

ओली भिंत, हे खास तुमच्यासाठी. तुम्ही म्हणालात चित्रातला घाम खोटा असतो. पण इथे तेच तर वापरलंय. खरी नटी असती तर सीन कुठे संपला आणि स्वप्न कुठे सुरू झालं हे प्रकाशावरून, मेकअपवरून थोडं तरी कळलं असतं. चित्रात सगळंच एका हातानं काढलेलं, खरं आणि खोटं एकाच शाईत, म्हणून बघणाऱ्याला धरायला काहीच उरत नाही. तुमच्या ऊर्मिलाबद्दल पूर्ण सहमत, ती चाल चित्रात येणार नाही. पण हे कॅमेऱ्यात येणार नाही. 81 मिनिटांचा आहे, एवढा वेळ द्याच.

मुलासाठी मुशिशी लावा ताई, 2005 चं. भीतीचं म्हणता येणार नाही, पण गूढ आहे, शांत आहे, प्रत्येक भागात वेगळं गाव, वेगळं घर, आणि डोळ्यांना न दिसणारे जीव. पूर्ण घराने एकत्र बघावं असं.

ओली भिंत

बघेन. तुमचा शाईचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण जुंजी इतोच्या कॉमिकवरून केलेल्या उझुमाकीवर तुमचं काय म्हणणं? इतोच्या चित्रांचा मी चाहता आहे, कॉमिकमध्ये पान उलटताना जी भीती वाटते ती भयानक, कारण पान उलटायचं आपल्या हातात असतं आणि तरी आपण उलटतो. 2024 ची सिरीज मोठ्या आशेने लावली आणि दुसऱ्या भागात हात टेकले.

गिरगाव कट्टा

उझुमाकीबद्दल मलाही राग आहे आणि तो जायचा नाही. 2019 ला जाहीर केलं, वर्षानुवर्षं वाट बघायला लावली, मग चार एपिसोड. पहिला एपिसोड बघा, काळ्यापांढऱ्यात, इतोची प्रत्येक रेघ जिवंत, तो शुइचीचा बाप गोगलगाईकडे, वाटीतल्या वळणांकडे बघत बसतो, कॉलिन स्टेट्सनचं ते घुसमटणारं संगीत. मी भाच्यांना, मित्रांना सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं की अखेर कुणीतरी इतोला पडद्यावर आणलं. आणि दुसऱ्याच एपिसोडला माणसं ठोकळ्यासारखी चालायला लागली. हे मुशिशी करणाऱ्या नागाहामाच्या नावावर सुरू झालेलं काम, म्हणून जास्त लागतं. शिवाय मोठी अडचण म्हणजे ठासून भरलंय. एका एपिसोडात तीन-तीन प्रकरणं कोंबली. इतोमध्ये भीती येते ती थांबण्यात, एखाद्या घरात काहीतरी किंचित वाकडं दिसतंय आणि कुणी बोलत नाही त्या वेळात. तोच वेळ कापून टाकला तर उरतं काय? नुसते विचित्र आकार. तरी पहिला एपिसोड एकटाच बघावा आणि तिथे थांबावं, असं मी सांगेन.

शेवटची लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

हेडफोन घेतले आणि डार्क वॉटर बघितला. ओली भिंत, तुम्ही लिहिलेलं पुसण्याबद्दलचं तंतोतंत खरं आहे. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ती बाई मुलीला शाळेतून न्यायला वारंवार उशिरा पोचते, मुलगी एकटी वाट बघत बसलेली, आणि त्या बाईलाही तिच्या लहानपणी असंच कुणी न्यायला आलं नव्हतं. शेवटाला लिफ्टमध्ये जे होतं ते या वाट बघण्यामुळेच इतकं आत जातं. माझी आई नोकरी करायची, मी आणि बहीण बालवाडीच्या पायरीवर बसलेलो असायचो. बायकोलाही दुसऱ्या दिवशी दाखवला, ती हॉरर बघत नाही, पण शेवटी रडली.

मोनोनोकेची पहिली गोष्ट झाली. कट्टेकर, तुम्ही धर्मशाळा म्हणून सोडून दिलंत ते बरं केलंत. ती जागा आधी काय होती हे कळलं तेव्हा मी थांबवून थोडा वेळ तसाच बसलो. तलवार निघण्याआधी ऐकून घ्यावं लागतं हा नियम मला फार आवडला, आपल्याकडच्या भुताच्या गोष्टींतही आधी विचारतातच ना, कोण आहेस, काय पाहिजे.

एकाच बाबतीत सगळ्यांपेक्षा वेगळं मत आहे. घरी बघू नये असंही एक हॉरर आहे आणि तो म्हणजे तुंबाड. 2018 ला आला तेव्हा कुणी फार गेलं नाही, मीही नाही, टीव्हीवर बघितला, ठीक वाटला. 2024 ला परत लागला तेव्हा मात्र वेळ काढून गेलो, आणि लोकही इतके गेले की पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा झाला. डायरेक्टर राही बर्वेने खऱ्या पावसासाठी थांबून थांबून पावसाळ्यापावसाळ्यात शूटिंग केलंय, तो पाऊस टीव्हीत मावत नाही. वाड्यात साखळीने बांधलेली ती आजी आणि हस्तर या राक्षसाचं नाव काढलं की तिचं झोपणं, ते घरी बघताना नुसता सीन होता, थिएटरात माझ्या शेजारचा कॉलेजचा मुलगा पाय वर घेऊन बसला. आजीची ती कल्पना धारपांच्याच गोष्टीवरून आलीय, म्हणजे सगळे रस्ते फिरून तिथेच.

सातवा मजला

तुंबाडचं एकदम पटलं. पण लपाछपी मात्र घरीच, दुपारी, पंखा बंद ठेवून बघा, सळसळ ऐकू यायला पाहिजे.

मुलाला मुशिशी लावून दिलं. दोन भाग बघून म्हणाला फार स्लो आहे, आणि मग रात्री जेवताना त्यातल्या एका भागाबद्दल अर्धा तास बोलत होता.

कांदिवली पूर्व

कायरो हा जपानी सिनेमा पण टाका कुणीतरी लिस्टमध्ये, डायरेक्टर कियोशी कुरोसावा, 2001. रिकाम्या खोलीत एक बाई लांबून हळूहळू चालत येते, मध्येच तिचा पाय किंचित लचकतो आणि ती परत सावरून येतच राहते. धक्का नाही, धडाम नाही, ती फक्त येते. दादा, तुम्ही मागितलं होतं ते हेच. हेडफोन विसरू नका, आणि रविवारी रात्री नका बघू, सोमवारी कामाला जायचंय.